चौथी गाडी

शितावरून भाताची परीक्षा करणारी माणसं गावोगाव भेटतात. अनिकेत रोकडे दाराच्या बिजागरीवरून गाडी ओळखायचा, आणि तीही हंगेरीतली. आता शहापूरच्या माणसाला हंगेरीशी काय देणंघेणं, असं कुणीही विचारील. अनिकेतला तसं कुणी विचारत नव्हतं, कारण तो ज्या गोदामात स्टोअरकीपर होता तिथं कुणाला याचा पत्ताच नव्हता. जेवणाच्या सुट्टीत एका हातानं डबा खायचा आणि दुसऱ्या हातानं फोन धरायचा, एवढंच लोक बघायचे. बाई असेल, असं समजायचे.

बाई नव्हती, गट होता. तीसेक देशांतली गाड्यांची वेडी माणसं त्या ऑनलाइन गटात जमत. कुणीतरी जुना, धुरकट फोटो टाकायचा आणि मग ही गाडी कुणाची, कुठली, किती बनल्या यावर डोकी लढायची. त्यात अनिकेतचा प्रांत ठरलेला होता. हंगेरीत एके काळी गाडी हवी तर वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. मग तिथली काही हिकमती माणसं जुन्या गाडीचा सांगाडा घ्यायची आणि घरामागच्या शेडमध्ये त्यावर आपल्या मनासारखं अंग चढवायची. कुणी दोन बनवल्या, कुणी पाच. त्यावर ना नाव, ना कंपनीचा बिल्ला. अशी गाडी ओळखायची तर बिजागरी कुठल्या ट्रकची, मागचा दिवा कुठल्या बसचा, काचेचं रबर कोपऱ्यात कसं वळवलंय, हे बघावं लागतं. अनिकेत ते बघायचा आणि सहसा चुकायचा नाही. गटानं अशा गाड्यांची यादी करायचं काम त्याच्याकडेच सोपवलं होतं. यादीचा नियमही त्यानंच घालून दिला होता : कागद नाही, खूण नाही, तर निर्मात्याचं नाव नाही. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे.

ही नजर त्याला आली कुठून, हे मात्र त्यानं गटाला कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर वडील ऑटोमोबाइल इंजिनिअर होते, असं त्यानं लिहून टाकलं होतं. होते, असं. वडील, म्हणजे आबा, मुरबाडला खाऊनपिऊन धडधाकट असताना.

अनिकेतचा आबा, सोमा रोकडे, डेंटर होता. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे कल्याणला जाणाऱ्या जीपगाड्या म्हणजे गावाचे पाय, आणि त्या जीपगाड्यांचे पोचे काढण्यात सोमाचा जन्म गेला. स्टँडमागच्या त्याच्या शेडमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली हातोड्या ओळीनं टांगलेल्या असत. जीप आली की तो आधी तिच्या अंगावरून डोळे मिटून हात फिरवायचा आणि सांगायचा, हा पत्रा सरळगावच्या पोरानं ठोकलाय, हा कल्याणला केलाय, आणि इथं पत्रा न ठोकता नुसती लांबी भरून तुला फसवलंय. अनिकेत लहानपणी हे बघत वाढला. त्याची सगळी विद्या ती होती. आबा हातानं वाचायचा ते तो डोळ्यानं वाचायला शिकला, एवढाच काय तो फरक.

तर एका दुपारी, वांग्याची भाजी अर्धी झालेली असताना, गटावर एक फोटो आला. माळशेजला निघालेल्या कुणा प्रवाशानं रस्त्यावरच्या ढाब्यापुढे काढलेला. बुटकी, लालसर गाडी, पुढून डुकरासारखं निमुळतं नाक, त्यात खोल बसवलेले दोन गोल दिवे. सोबत मागून काढलेला आणखी एक फोटो.

अनिकेतच्या हातातला घास हातातच राहिला. तो ढाबा टोकावड्याचा होता, जयरामकाकाचा. आणि ती गाडी आबानं बनवलेली होती.

तो अकरा वर्षांचा असताना रद्दीत त्याला एका परदेशी मासिकाचं पान सापडलं होतं. त्यावर एका गाडीचा फोटो होता, पण पान फाटलेलं, त्यामुळे गाडी पुढून निम्मीच. ते पान घेऊन तो शेडमध्ये गेला आणि असली गाडी कर म्हणून आबाच्या मागं लागला. आबानं पान उलटंसुलटं केलं. "मागचं कुठाय रं?" अनिकेत म्हणाला, फाटलंय. "असू दे. मागचं मी बघतो," आबा म्हणाला. भंगारात निघालेल्या टॅक्सीचा सांगाडा आणून, जीपच्या कामातून वेळ काढून आबा दोन वर्षं त्या गाडीला लागला होता. पुढचं सगळं फोटोबरहुकूम. मागचं त्यानं आपल्या अकलेनं केलं, आणि त्याच्या अकलेत गाडी म्हणजे मुरबाडची जीप. तिच्या मागं पायरी असते आणि वर धरायला दांडी असते, कारण आत माणसं मावत नाहीत. म्हणून या राजेशाही गाडीलाही त्यानं मागं पायरी लावली, वर दांडी लावली. आई म्हणाली, शोभत नाय ते. आबा म्हणाला, "मागं जो उभा राहील तो काय धरंल मंग?"

दोन-चार लगीनसराया ती गाडी नवरदेवांना घेऊन गावात फिरली. मग अनिकेत कल्याणला कॉलेजात गेला. एकदा आबा कौतुकानं ती गाडी घेऊन त्याला कॉलेजच्या दारात घ्यायला आला, तेव्हा सोबतचे दोन मित्र पायरी-दांडी बघून पोट धरून हसले. त्या संध्याकाळी अनिकेतनं आबाला सांगितलं, ते ध्यान दारातून हलव. आबानं का म्हणून विचारलं नाही. आठवडाभरात गाडी टोकावड्याला जयरामच्या ढाब्यापुढे विटांच्या चौथऱ्यावर जाऊन बसली.

आता तीच गाडी तीस देशांपुढे उभी होती. गटात धमाल उडाली. मासिकातला तो अर्धा फोटो वारादी नावाच्या कारागिराच्या गाडीचा होता, हे अनिकेतला मोठेपणी गटातच कळलं होतं. वारादीनं तीनच गाड्या बनवल्या, तिन्ही कुठं आहेत ते माहीत होतं. मग ही चौथी? कुणी म्हणालं, पुढून नक्की वारादी. कुणी म्हणालं, पण मागून बघा, कुणीतरी गावठी पत्रेवाल्यानं वाट लावलीये. एक जण तर लिहून गेला की, ज्यानं हे केलं त्याच्या हातून हातोडा काढून घ्यायला हवा होता. त्याखाली पन्नास जणांनी हसरे चेहरे टाकले. आणि मग सगळ्यांनी एकच धोशा लावला, डॉक्टर तिकडचेच आहेत, डॉक्टर काय म्हणतात?

खरं लिहायला एक ओळ पुरली असती. अनिकेतनं ती लिहिलीही होती. मग त्यानं ते हसरे चेहरे पुन्हा पाहिले. ओळ पाठवली की तो डॉक्टर राहणार नव्हता, ज्याच्या हातून हातोडा काढून घ्यायचा त्या माणसाचा पोरगा होणार होता. त्यानं ओळ पुसली आणि दुसरी लिहिली : ही वारादीची चौथी गाडी. मागचा भागही मूळचाच. पायरी आणि दांडी तळ्यावर होडी नेताना ती बांधायला केलेल्या आहेत.

खोटं बोलणाऱ्याला तपशील फार सुचतात. होडीची थाप त्याला कुठून सुचली कोण जाणे, पण ती चालली. आणि मग जी मजा झाली ती बघून माणसानं हसावं का रडावं? ज्या पायरीला घटकेपूर्वी नावं ठेवली तिला आता प्रतिभा म्हणू लागले. मागच्या गोलाईची तर कोण स्तुती. पत्रा तोच, पायरी तीच, फक्त करणारा परदेशी झाला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं पिकवणाऱ्याच्या पोरानंच मालावरचं नाव बदललं होतं. अनिकेतनं यादीत नोंद केली, डबा बंद केला आणि कामाला गेला. आबाचं काय जातंय, असं त्यानं मनाशी म्हटलं. आबाला कुठं कळणार आहे.

सहा आठवड्यांनी त्याला एक पत्र आलं. वारादीची मुलगी, यूदित, तिचं. म्हातारा वारादी शहाऐंशी वर्षांचा होता, बालाटन तळ्याजवळच्या गावात राहत होता, आणि मुलीनं त्याला फोटो दाखवला होता. तिनं लिहिलं होतं, बाबा म्हणतात ही गाडी माझी नाही, मी तीनच केल्या. पुढचा भाग माझ्या गाडीकडे बघून कुणीतरी केलाय. पण मागचा भाग ते तासभर बघत होते. मागचा कोपरा एकाच पत्र्यातून वळवलाय, जोड दिसत नाही. बाबांना तिथं कायम जोड द्यावा लागला आणि त्याची त्यांना जन्मभर लाज वाटत आली. ते विचारतात, हे कसं केलं? आणि ती दांडी होडीसाठी नाही. तिथं कुणी माणूस उभा राहायचा आहे, हे कुणालाही दिसेल. तुम्ही तिकडचे आहात, त्या कारागिराचं नाव तेवढं कळवा.

अनिकेतनं ते पत्र तीनदा वाचलं. हजारो मैलांवरच्या एका म्हाताऱ्यानं फोटोत जो माणूस ओळखला, त्याला अनिकेतनं स्वतः होडीखाली दडपून टाकलं होतं.

मार्ग होता. डॅशबोर्डखालच्या आडव्या पट्टीवर आबानं पंचनं ठिपका ठिपका ठोकून लिहिलं होतं : सोमा रोकडे, मुरबाड, २००३. त्या खुणेचा फोटो टाकायचा, माफी मागायची आणि यादी दुरुस्त करायची. हसायचं त्यांनी हसावं. एवढं मनाशी पक्कं करून रविवारी सकाळी तो मोटरसायकलवर निघाला.

वाटेत सापगावला बहीण राहायची, मेघा. पाणी प्यायला म्हणून तिच्याकडे थांबला आणि बोलता बोलता गाडीचा विषय निघाला. मग तिनं सांगितलं की, तिच्या नवऱ्याच्या फोनवर ती पोस्ट कुणीतरी पाठवली होती आणि महिन्यापूर्वी तिनं ती आबाला मराठीत वाचून दाखवली होती.

"मला वाटलं तू आबाचं नाव लिवलं असशील," ती म्हणाली. "म्हनून कौतुकानं वाचायला घेतलं. निम्म्यात गेल्यावर कळलं, तवा थांबता पन येईना. आबानं मला दोनदा वाचायला लावलं, दादा. दोनदा."

अनिकेतनं विचारलं, मग काय म्हणाला? काहीच नाही, मेघा म्हणाली. एवढंच विचारलं, फोटोत गाडीच्या आतलं दिसतं का, डॅशबोर्डखालचं. तिनं दिसत नाही म्हणून सांगितलं, तसा तो उठून गेला. मेघानं पाण्याचा तांब्या उचलला आणि पुन्हा भावाकडे पाहिलं नाही. निघताना रीतीप्रमाणे जेवून जा म्हणायचं, तेही ती म्हणाली नाही.

टोकावड्याला पोचला तेव्हा ऊन चढलं होतं. जयरामकाका चुलीशी होता. अनिकेतला बघून तो खांद्यावरच्या पंच्याला हात पुसत बाहेर आला आणि त्याची तक्रारच सुरू झाली. इतकी वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता की गाडी मुरबाडच्या सोमानं बनवली. परवा एक व्हिडिओवाला आला, त्यालाही तेच सांगितलं. तो पोरगा उठून मुरबाडला सोमाकडे गेला, तर सोमा म्हणाला, मी नाय बनवली, भंगारात मिळाली, भायेरची हाय. व्हिडिओवाल्यानं परत येऊन जयरामला चार माणसांत खोटं पाडलं.

"आता तूच सांग," जयराम म्हणाला, "मी काय येडा हाय? माझ्यासमोर ठोकली त्यानं ती. आनि तो व्हिडिओवाला यायच्या आदल्या आठवड्याला सोमा येष्टीनं आलता, पिशवीत कानस घेऊन. म्हनला जरा आतून साफ करतो. दीड तास वाकून होता आत. बाहेर आला तर कंबर धरून बसला."

अनिकेत पुढचं ऐकायला थांबला नाही. दार उघडून तो आत वाकला आणि डॅशबोर्डखाली हात घातला. डोळे आपोआप मिटले. बोटं पट्टीवरून या टोकाकडून त्या टोकाकडे गेली. कुठं ठिपका लागला नाही. सगळं गुळगुळीत होतं. फोनचा दिवा लावून पाहिलं तर गंजक्या पट्टीवर वीतभर जागा चांदीसारखी चमकत होती. आबानं अर्धवट काम कधी केलंच नव्हतं, हेही नीट केलं होतं.

मुरबाडला शेडबाहेर आबा एका मडगार्डाचा पोचा काढत बसला होता. अनिकेतला बघून त्यानं जेवलास का विचारलं. अनिकेत त्याच्यापुढे जमिनीवरच बसला. वाटभर जुळवलेलं सगळं विसरलं आणि तोंडातून एवढंच निघालं, "आबा, नाव का घासलंस?"

आबानं हातोडी बाजूला ठेवली. "तू लिवलंस ना, भायेरची हाय म्हनून. उद्या कोन वाकून बघंल, तर तू खोटा पडशील. एवढी मानसं तुला मानतात, मेघी सांगत होती. माझं काय, मला कोन इचारतो."

रागानं बोलला असता तर सोपं गेलं असतं. आबाच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला कामाची रीत समजावून सांगावी तसं त्यानं सांगितलं. अनिकेतला आबाकडे बघवेना. तो मडगार्डाकडे बघत राहिला. मी लाजलो आबा, म्हणाला. ते हसत होते, मला लाज वाटली तुझी. हे वाक्य एकदा तोंडातून बाहेर पडल्यावर त्याला इतकं ओंगळ वाटलं की परत गिळता आलं असतं तर त्यानं गिळलं असतं.

"ठावं हाय मला," आबा म्हणाला. "ती काय आजची हाय व्हय?"

मग अनिकेतनं त्याला वारादीच्या पत्राचं सांगितलं. म्हातारा काय म्हणाला, कोपऱ्याचं काय विचारलं, दांडीचं त्यानं काय ओळखलं. आबा ऐकता ऐकता पुढे सरकला. त्याला तिथं जोड द्यावा लागायचा? त्यानं दोनदा विचारून घेतलं. मग त्याचे हात हलायला लागले.

"त्याला सांग, पत्रा मधून ताणायचा नाय, फाटतो. परकराला चुन्या घालतात तशा कडंला चुन्या पाडायच्या. मंग वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी मोगरीनं एकेक चुनी जिरवायची. घाई केली तर पत्रा चिरतो. तुझ्या आयेचं शिवन बघून सुचलं मला ते. हे सगळं नीट लिव, चुकू नको."

अनिकेतनं लिहिलं, शब्द न शब्द, आबा सांगेल तसं. मग त्यानं आबाच्या हत्यारांच्या पिशवीतला पंच उचलला आणि म्हणाला, आबा, आपण आताच्या आता टोकावड्याला जाऊ, नाव पुन्हा ठोकू.

आबानं त्याच्या हातातून पंच काढून घेतला. "आता मारलं तर नवं दिसंल. जुन्या पत्र्यावर नवी खून बघितली की तूच सगळ्यांच्या आधी म्हनशील, नकली हाय. म्हनशील का नाय?"

अनिकेत म्हणाला असता. गटात त्यानं असल्या चार गाड्या उघड्या पाडल्या होत्या.

म्हणून त्यानं नुसतं खरं लिहिलं. तिथंच, शेडबाहेर, आबाच्या शेजारी बसून. ही वारादीची गाडी नाही, माझ्या वडिलांनी बनवली, ते इंजिनिअर नाहीत, डेंटर आहेत, मी खोटं लिहिलं, आणि खूण होती ती माझ्या खोट्यापायी त्यांनी घासली. सोबत चमकणाऱ्या पट्टीचा फोटो टाकला. कोपऱ्याची रीत यूदितला वेगळी पाठवली. तिचं उत्तर अर्ध्या तासात आलं : बाबांनी परकर म्हणजे काय ते विचारलं, मी चित्र शोधून दाखवलं, आता ते एकटेच हसताहेत.

गटाची उत्तरं तासाभरानं आली. कुणी शिव्या घातल्या नाहीत. त्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एकानं फार अदबीनं लिहिलं की डॉक्टरांच्या भावना समजतात, वारादीचं नाव काढलंच पाहिजे, पण दुसरं नाव लिहायचं तर नियम आहे. आणि खाली त्यानं नियम जसाच्या तसा उतरवला होता : कागद नाही, खूण नाही, तर निर्मात्याचं नाव नाही. यादी अनिकेतकडेच होती. दुरुस्ती त्यालाच करायची होती.

शाळेच्या दाखल्यापासून पगाराच्या पावतीपर्यंत आबाचं नाव त्याच्या नावाला चिकटून आलं होतं. गटात मात्र तो पहिल्या दिवसापासून नुसता अनिकेत आर. होता. त्यानं वारादीचं नाव खोडलं आणि त्या जागी लिहिलं : निर्माता अज्ञात. खाली नोंद करणाऱ्याचा रकाना असतो. तिथं त्यानं या वेळी पूर्ण नाव लिहिलं.

"काय लिवलं?" आबानं विचारलं.

अनिकेतनं वाचून दाखवलं. "निर्माता अज्ञात. नोंद करणारा, अनिकेत सोमा रोकडे."

"माझं नाव कशाला मधी?"

"पूर्ण नाव लागतं तिथं," अनिकेत म्हणाला.

तिथं कुणीच बापाचं नाव लिहीत नव्हतं. पण आबाला ते पटलं. नियम हाय तर मंग लिवायलाच पायजे, असं म्हणून त्यानं मडगार्ड पुन्हा मांडीवर ओढलं आणि दुसरं टोक धरायला अनिकेतला खूण केली.